माल मंडळाचा, पत सेलोकरांची

लोकांवर संशय घेण्याचा मला तीस वर्षं पगार मिळाला. बायको म्हणते, "तुम्ही फुकटातही घेतला असता." आता तिचं तरी काय चुकलं? भाजीवाल्याच्या तराजूकडे मी अजूनही नको तितका वेळ बघत उभा राहतो आणि मग तीच मला कोपरानं ढोसून पुढं नेते.

भंडाऱ्यातल्या एका बँकेत कर्ज विभागात मी होतो. सत्तरनंतर लागलो आणि पहिली पंधरा वर्षं खुर्चीपेक्षा सायकलवरच जास्त बसलो. काम सांगायला सोपं होतं. ज्यांना बँकेनं कर्ज दिलं त्यांच्या दारात जायचं, धंदा बघायचा, माल मोजायचा आणि वर्षातून एकदा त्यांची प्रत ठरवायची. अ, ब, क, ड. अ म्हणजे डोळे मिटून द्या. ब म्हणजे द्या, पण डोळे उघडे ठेवा. क म्हणजे दिलं तेवढं पुरे. ड म्हणजे वकील शोधा. शेवटची सही नागपूरच्या विभागीय कार्यालयातल्या मोठ्या साहेबांची, पण ते कशाला भंडाऱ्याचं ऊन खायला येतात? माझा अहवाल जायचा आणि त्यावर सही होऊन परत यायचा. म्हणजे माणसाची पत माझ्या पेनातून उतरायची. याचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू.

आणि गर्व करण्यासारखं मी केलंही होतं. एका राइस मिलवाल्यानं गोदामात तांदळाच्या थप्प्या लावल्या होत्या. पुढच्या दोन रांगा तांदळाच्या आणि मागं नुसता कोंडा. मी थप्पीवर चढून मागच्या पोत्यात परखी, म्हणजे धान्याचा नमुना काढायची टोकदार नळी, खुपसली, तेव्हा खालून मालक म्हणाला, "सायेब, चहा थंडा होऊन राहिला ना जी." म्हटलं, होऊ द्या. एका पितळेच्या भांडीवाल्याकडं मोजताना मी घागरींच्या बुडाला गुपचूप खडूची रेघ ओढून ठेवली. दुपारी तीन दुकानं सोडून दुसऱ्या कर्जदाराकडं गेलो, तर माझ्या रेघा तिथं माझ्या आधी पोचलेल्या. दोघांनी मिळून एकच माल ठेवला होता आणि मी जाईन तिथं तो जायचा.

असा मी हुशार. आणि या हुशार माणसानं नोकरीतली सगळ्यात मोठी चूक केली ती एका सरळ माणसाच्या बाबतीत.

नीळकंठ सेलोकर हे त्यांचं नाव. पन्नाशीचे, उन्हानं रापलेले, शिक्षण चौथी. तरुणपणी विजेच्या खांबांचे खड्डे खणायला रोजीनं जायचे, मग खांब उभे करायची लहानसहान ठेकेदारी केली आणि पुढं उंच टॉवरच्या लाईनी घ्यायला लागले. शेतातून जाताना चार पायांचे ते लोखंडी टॉवर सगळ्यांनाच दिसतात, पण ते उभे कोण करतं हा प्रश्न मला तरी तोवर पडला नव्हता. आधी आखणी होते. मग एकेका टॉवरला चार खड्डे, चार पाय, काँक्रीट. ते पक्कं झालं की माणसं लोखंडाचे तुकडे नटबोल्टनं जोडत जोडत वर चढतात. खाली दोर, वर दोर आणि मधे शिव्या. सगळ्यात शेवटी एका टॉवरवरून दुसऱ्यावर तार ओढायची. सेलोकरांकडं अशी साठ माणसं होती, बहुतेक लाखांदूर-पवनीकडची. धानाच्या शेतात वाकून काम करणारी ही माणसं त्यांच्या हाताखाली शंभर फुटांवर चढायला शिकली होती.

या सेलोकरांच्या कंपनीला आमच्या बँकेनं क दिला होता. कारण कागदावर एकदम चोख होतं. काम दर वर्षी उशिरा, म्हणून बिलं उशिरा, म्हणून खातं कित्येक महिने ताणलेलं. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, दिवाळी नुकतीच झाली होती, आणि ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले.

"सायेब, माह्या कपाळावरचा हा क कवा निघते?"

"काहून? आत्ताच काय घाई आली?"

"कारध्याचं काम निंघालं ना. वैनगंगेच्या या काठाले एक टावर, त्या काठाले एक, अन वरून तार. वीज मंडळ मले द्याले तयार आहे. पण बँकेची ग्यारंटी मांगते."

गॅरंटी म्हणजे बँकेनं मंडळाला द्यायचं वचन, की हा माणूस काम अर्धं टाकून पळाला तर भरपाई आम्ही करू. आणि क वाल्याची गॅरंटी आमची बँक घेत नसे. कमीत कमी ब पाहिजे, तोही दोन महिन्यांच्या आत. नाहीतर काम बाहेरच्या कंपनीला जाणार होतं, आणि बाहेरची कंपनी आपली माणसं घेऊन येते.

"दिघोरीची लाईन सरली का हातात दुसरं मोठं काम नाही," सेलोकर म्हणाले. "साठ लोकायले मी कोणत्या तोंडानं सांगू का घरी जा? एकडाव टोळी फुटली का पुन्हा जमत नाही, सायेब."

मी म्हटलं, बघतो. आणि बघायला शहापूरला गेलो, हायवेला लागून त्यांचं यार्ड होतं तिथं.

सेलोकरांनी बँकेला दिलेल्या मालाच्या यादीत काय होतं? दोर, कप्प्या, लोखंड वर चढवायचे लांब वासे, सिमेंटची थोडी पोती आणि एक जुना ट्रक. आणि यार्डात पाहतो तर काय! चकचकीत लोखंडी अँगलचे ढीगच्या ढीग. माणसाच्या उंचीचे तारेचे ड्रम, रांगेनं उभे. सेलोकर साइटवर गेलेले, यार्डावर नुसता राखणदार. माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. हा म्हातारा दिसतो तितका भोळा नाही! एवढा माल दाबून ठेवलाय आणि कागदावर दोरखंडं दाखवतो. नक्की टॅक्सच्या भीतीनं लपवत असणार. आजवर नसलेला माल दाखवणारे मी पकडले होते, असलेला माल लपवणारा पहिल्यांदाच सापडला. मी दिवसभर उन्हात एकेक ढीग मोजला. अँगलवर शिक्के होते, तेही उतरवून घेतले आणि त्यापुढं "कारखान्याची खूण" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी झकास अहवाल तयार केला. कंपनीकडं दाखवला त्याच्या कितीतरी पट माल आहे, सबब ब देण्यास हरकत नाही. आमच्या मॅनेजरांनी न वाचता सही केली, माझ्या शब्दावर त्यांचा तेवढा भरवसा होता. कागद नागपूरला गेला.

तिसऱ्या दिवशी सेलोकर आले. बसले नाहीत.

"सायेब, शहापुरातलं लोखंड तुमी मोजलं म्हणते?"

"मोजलं. आणि सेलोकरजी, बँकेपासून असं लपवू नये माणसानं."

"पण तो माल माहा नाही ना जी."

"मग कोणाचा आहे?"

"मंडळाचा. टावरचा हरेक तुकडा, तारेचा हरेक ड्रम मंडळ देते. आमी नुसतं उभं करून देतो. लग्नातल्या आचाऱ्यानं शिध्याले आपला म्हणावं का? शिक्का आहे ना त्याच्यावर मंडळाचा. पाहिला नाही का तुमी?"

पाहिला होता. मोठ्या अक्षरात उतरवूनही घेतला होता.

दुसऱ्याचा माल कर्जदाराच्या नावावर मोजणं ही आमच्या कामातली पहिली आणि शेवटची चूक, नव्या कारकुनालाही पहिल्या दिवशी तेच बजावतात. आणि त्याच महिन्यात माझ्या प्रमोशनची यादी नागपूरला तयार होत होती. मी आजूबाजूला बघितलं. मॅनेजर जेवायला गेले होते. आणि मी, घागरीच्या बुडाला खडू लावणारा मी, आवाज खाली करून म्हणालो, "राहू द्या. अहवाल गेला. तिथं कोण येतं शिक्के बघायला? तुम्हाला ब मिळेल, काम मिळेल. माझंही काही बिघडणार नाही."

सेलोकर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सायेब, उद्या मी बुडलो त बँक तेच लोखंड विकाले येईल. मंडळ म्हणते, हे त आमचं. मंग मी चोर ठरतो, अन माह्यासंगं तुमी बी. आपल्याले नाही जमत हे. तो कागद मांगं घ्या."

आणि गेले. जाताना हात जोडले, नेहमीसारखेच. त्या नमस्काराची मला इतकी लाज वाटली, काय सांगू.

मी नागपूरला ट्रंक कॉल लावला आणि म्हटलं, अहवालात दुरुस्ती आहे, थांबवून ठेवा. कसली दुरुस्ती ते बोललो नाही. मात्र आता सेलोकरांना ब द्यायला हातात काहीच उरलं नव्हतं. दोर आणि कप्प्या. मग मनाशी ठरवलं, की या माणसाचं काम उशिरा का होतं ते तरी एकदा डोळ्यांनी बघू. दुसऱ्या दिवशी एसटीनं दिघोरीला गेलो. तिकडं त्यांच्या लाईनीचं काम चालू होतं.

तिथं त्यांचे फोरमन रामटेके भेटले. जयभीम झाला, गुळाचा चहा झाला. मी म्हटलं, "रामटेके, तुमचं काम काहून लांबते ते मले दाखवा."

"लांबत नाही सायेब, थांबते," ते म्हणाले आणि चालायला लागले.

बहुतेक शेतांत धान अजून उभा होता. आखणीवरचा एक टॉवर उभा, पुढच्या जागी नुसती खुंटी, मग एक पाया झालेला, पुन्हा दोन जागा मोकळ्या. म्हाताऱ्याच्या दातांसारखी ती लाईन दिसत होती. रामटेक्यांनी खिशातून एक वही काढली. मला वाटलं हिशेबाची असेल. तर त्यात ओळीनं शेतकऱ्यांची नावं, आणि प्रत्येकापुढं त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, हलका धान आहे की भारी, आणि कापणी कधी, एवढंच. हलका धान दिवाळीच्या आसपास निघतो, भारी त्यानंतर महिनाभरानं. सेलोकरांचा नियम असा, की उभ्या धानात पाय घालायचा नाही. जिचा धान निघाला त्या बांधीत आधी खड्डा.

"म्हणून आमी बेडकावानी उड्या मारत जातो," रामटेके म्हणाले. "पाच नंबर आधी, दोन नंबर मंग."

आणि तिथं माझी ट्यूब पेटली. मंडळ बिलाचे पैसे देई ते सलग तुकडा पूर्ण झाल्यावर. उड्या मारत काम केलं तर शेवटची भारी धानाची बांधी कापून होईस्तोवर एकही तुकडा सलग होत नाही. तोवर मजुरी चालू, सिमेंट चालू, बँकेतलं खातं ताणलेलं. आणि शेवटची बांधी मोकळी झाली की पंधरा-वीस दिवसांत सगळे तुकडे एकदम जुळतात आणि सगळी बिलं एकदम येतात. मी परत आल्यावर जुनी लेजरं काढून बघितली. दर वर्षी तेच महिने ताण, तेच महिने फेड. धानाचं वेळापत्रक आमच्या लेजरात लिहिलेलं होतं आणि आम्ही त्याला बेशिस्त म्हणत होतो!

पण ते नंतर. त्या दिवशी रामटेके मला मागच्या हंगामात झालेल्या एका टॉवरपाशी घेऊन गेले. बांधीच्या मधोमध टॉवर, आणि भोवतीचा धुरा, म्हणजे बांधीचा बांध, असा गुळगुळीत लिंपलेला की तिथं कधी ट्रक आला होता यावर विश्वास बसू नये. धुऱ्यावर तूर उभी होती. आमच्याकडं धुऱ्यावर तूर लावतात, घरची डाळ त्यातच होते. शेताची मालकीण बायजाबाई तिथंच शेंगा चाचपत होती.

मी विचारलं, "बाई, टॉवर आला म्हणून तुमचं नुकसान झालं असंल?"

"झालं नाही त काय बापा! मांगच्या साली ट्रकनं माहा अर्धा धुरा मोडला. मी बम शिव्या देल्या या सेलोकरले. तोंडाले येईल तशा."

"मग?"

"मंग काय, त्यानं पोट्ट्यायले लावून धुरा बांधून देला. म्या म्हटलं, बांधला त बांधला, तूर कोठी आहे? त औंदा पेरणीच्या टायमाले हा रामटेके तुरीचं बी घेऊन हजर. टावरवाला अन तूर पेरून राहिला! गाव हासाले आलं होतं पाहाले."

शेजारच्या पट्ट्यात बाहेरच्या एका कंपनीचं काम होतं, तिची प्रत अ. तिथं उभ्या धानात गाडी घातली म्हणून गावानं काम अडवलं होतं आणि पोलीस बंदोबस्त बसला होता. सेलोकरांचं काम कुठल्याही गावानं एक दिवस अडवलं नव्हतं. हे मला रामटेक्यांनी नाही, बायजाबाईनं सांगितलं.

मी आनंदानं घरी आलो आणि नवा अहवाल लिहायला बसलो. धानाचं वेळापत्रक आणि दिघोरीत दिसलं ते सगळं उतरवलं. लिहून झाल्यावर वाचलं आणि लक्षात आलं, की मी स्वतः नागपूरचा साहेब असतो तर यावर सही केली नसती. तूर पेरून दिली म्हणून बँक गॅरंटी देते का कुठं? या माणसाच्या सचोटीचा पक्का, कागदावर टिकेल असा पुरावा एकच होता. फुकट मिळत असलेला ब त्यानं स्वतःहून नाकारला होता. आणि तो पुरावा मांडायचा तर माझी चूक सहीनिशी लिहावी लागणार होती.

बायकोला सांगितलं. प्रमोशन झालं की नागपूरला बदली, आणि नागपूरला तिचं माहेर. ती कधीची वाट बघत होती. तिनं हातातलं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"खरं आहे ना?" तिनं विचारलं.

"खरंच आहे."

"मग लिहा. पण लिहून मग वर्षभर तोंड पाडून फिरू नका. ते मले पाहवत नाही."

अहवाल घेऊन मी स्वतःच नागपूरला गेलो. मोठ्या साहेबांनी शांतपणे वाचला आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"गजभिये, हे तुम्ही स्वतः होऊन लिहिलं?"

"हो साहेब."

"यादी माझ्या टेबलावर आहे. हा कागद फायलीला लागला की तुमचं नाव मला काढावं लागेल. हा परिच्छेद गाळा, मी काही बघितलं नाही असं समजतो."

"गाळला तर कंपनीला ब मिळेल?"

साहेब हसले. "नाही ना. बाकी सगळं धान आणि तूर आहे, त्यावर वरचे मला हसतील. सही करता येईल ती या एका परिच्छेदावरच."

मी म्हटलं, "मग राहू द्या तो."

हे मी फार बाणेदारपणे म्हटलं असं समजू नका. बसस्टँडवर येईस्तोवर तीनदा वाटलं की परत जाऊन सांगावं, गाळा. पण गेलो नाही. पंधरवड्यात दोन पाकिटं एकाच टपालानं आली. एकात सेलोकरांच्या कंपनीला ब, दुसऱ्यात मला लेखी ताकीद. प्रमोशन मागं पडलं ते चांगली चार वर्षं. बायको एका शब्दानं बोलली नाही. मी मात्र अट मोडून महिनाभर तोंड पाडून फिरलो आणि तिनं ते चालवून घेतलं.

कारध्याचं काम सेलोकरांना मिळालं. टोळी टिकली, वाढलीही. तार ओढायच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. नदीच्या दोन्ही काठांवर माणसंच माणसं होती. इतकी जड तार नदीवरून एकदम नेता येत नाही. आधी एक हलका दोर ढिवरांच्या, म्हणजे नदीवरच्या कोळ्यांच्या, डोंग्यातून पलीकडं नेतात, त्याला जाड दोर बांधतात, आणि मग त्याच्यामागून तार येते. डोंगा पलीकडं टेकला तेव्हा अख्खी टोळी ओरडली, आणि मीही ओरडलो, बँकेचा माणूस असून.

बाजूला मंडळाचे एक नवे इंजिनिअर उभे होते. त्यांनी विचारलं, "हे कोण?"

सेलोकर म्हणाले, "हे आमचे गजभिये सायेब, बँकेतले. माह्याबद्दल कवा काही इचारायचं असलं त यायले इचारा." आणि माझ्या ताकिदीबद्दल, प्रमोशनबद्दल त्यांना कुठून तरी कळलं असणार, कारण जरा थांबून माझा हात हातात घेऊन ते म्हणाले, "अन यायच्याबद्दल कोणी इचारलं, त मले इचारा. सोन्यासारखा माणूस आहे जी."

मला तिथं उभं राहवेना. कारण माझी चूक मी अहवालात लिहिली, पण मॅनेजर जेवायला गेल्यावर मी हळूच काय म्हणालो होतो, ते लिहिलं नव्हतं. नागपूरच्या साहेबांना ते कळलं नाही, बायकोलाही मी ते सांगितलं नाही. ते ऐकलेला माणूस जगात एकच होता, आणि तो माझा हात धरून परक्या माणसाला माझी हमी देत होता.

सेलोकर जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत कोणाजवळ काढली नाही. म्हणून मीच सांगून टाकली.